बखर ओस पेठेतील पाठमोऱ्या गिऱ्हाइकांची

श्रीगजानन व ग्रामदेवता यांसी वंदून पेठेत जे वर्तले ते लिहितो, श्रोती सावध असावे. शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी नगराची जुनी कापडपेठ ओस पडिली. वेशीबाहेर काचेचा महाबाजार उभा राहिला आणि गिऱ्हाईक तिकडे लोटले आणि पेठेतील शटरे एकामागून एक खाली आली. ते समयी भामाबाई तांबट म्हणोन शिल्पकार होती. तिचे पुतळे मांडावयास कोणी दालन देईना. मग ती पेठेतील वडील दुकानदार केरबाशेट कोष्टी यांजकडे जाऊन बोलिली, "शेट, बंद दुकाने मला द्या. गिऱ्हाइके मी आणते." शेट कष्टी हसले आणि कुलुपे काढविली.

मग बाईने सिमेंटाची, गंजक्या पत्र्याची माणसे घडविली आणि दुकानोदुकानी उभी केली. कोणी वाकून कापडाचा पोत पाहतो, कोणी लेकरू कडेवर घेऊन खोळंबली. चेहरा कोणासही नाही आणि सर्वांची पाठ रस्त्याकडे. लोक पाहावयास लोटले.

इतक्यात राज्याचे प्रधान त्याच वाटेने महाबाजारास येणार ऐशी वर्दी आली. नगराचे कारभारी विश्वासराव पेठेत येऊन गर्जले, "प्रधानांची स्वारी येते आणि हे धोंडे पाठ दाखवितात? फिरवा, नाहीतर फोडतो!"

भामाबाई तिळमात्र ढळली नाही. म्हणाली, "रावसाहेब, गिऱ्हाईक दुकानदाराकडे बघते, रस्त्याकडे नाही."

"दुकानदार आहे कुठे?"

तेव्हा केरबाशेट वहाणा काढून आत शिरले आणि धुळीच्या गादीवर बसोन बोलिले, "हा इथे." ते पाहून बाकीचे दुकानदारही आपापल्या गादीवर जाऊन बसले. मग स्वारी आली, भोंगे वाजले, परंतु एकही जण उठला नाही. केरबाशेट सिमेंटाच्या बाईपुढे लुगडे उलगडून सांगत होते, "घ्या बाई, रंग जाणार नाही."

कारभारी खवळले आणि सांजेस घण पाठवून लेकुरवाळीचा पुतळा फोडविला. भामाबाईने तुकडे वेचिले आणि त्याच जागी रचोन ठेविले. म्हणाली, "मोडली म्हणून दुकानाबाहेर काढू काय?"

एवंच, महाबाजार नांदतो आहे, पेठेत विक्री बेताचीच. परंतु शटरे रोज सकाळी वर जातात, आणि कारभारी हल्ली दुसऱ्या गल्लीने जातात.