एका विद्यार्थिनीचा गुप्त अभिप्राय

माझ्या वर्गात शंभर टक्के हजेरी असते! आमच्या कॉलेजात दुसऱ्या कुणाची असेल तर दाखवा, उद्या राजीनामा देतो. आता तुम्ही विचारणार, वर्गात विद्यार्थी किती? लोकांना खोडीच असते. एक. पण शंभर टक्के म्हणजे शंभर टक्के!

मी तर्कशास्त्र शिकवतो. नोकरीला लागलो तेव्हा कॉलेजात चारशे मुलं होती, त्यातली साठ माझ्याकडे. आता चार हजार आहेत. दोन नव्या इमारती झाल्या, लिफ्ट आली, व्यवस्थापनाचे वर्ग आले, संगणकाच्या सहा शाखा आल्या. उच्च शिक्षण वाढत गेलं तसा मी वर वर सरकत गच्चीखालच्या खोलीत पोचलो. बायको जाऊन सहा वर्षं झाली, घरी बोलायला कोणी नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दहा ते अकरा वर्गात जे बोलतो तेच माझं आठवड्याचं बोलणं. तेव्हा ती एक मुलगी टिकणं मला किती गरजेचं होतं, ते तुमच्या लक्षात येईल.

यंदा सुधारणा आली. विद्यार्थ्यांनी शिक्षकांना गुण द्यायचे! संगणकावर वीस प्रश्न, उत्तर हो किंवा नाही, आणि देणाऱ्याचं नाव एकदम गुप्त. साठ टक्क्यांच्या खाली गेलात की विषय बंद. मी निर्धास्त होतो.

मला चाळीस टक्के पडले.

प्राचार्यांनी बोलावून घेतलं. ते एके काळचे माझेच विद्यार्थी. म्हणाले, "सर, तुमच्या वर्गात असंतोष आहे."

"अहो, वर्गात एकच मुलगी आहे!"

"ते मला कळता कामा नये सर. नाव गुप्त आहे."

"पण एकच म्हटल्यावर..."

"सर, प्लीज!" त्यांनी चक्क कानांवर हात ठेवले. मग संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. मागच्या बाकांपर्यंत शिक्षकांचा आवाज पोचतो का? नाही. गटचर्चा होते का? नाही. शिक्षक सर्वांना समान वेळ देतात का? नाही. "सत्राअखेर पुन्हा फॉर्म भरायचे आहेत. तोवर सुधारा, सर."

मी तर्क लढवला. मुलगी बसते पहिल्या बाकावर, माझ्यापासून हातभर अंतरावर. तरी आवाज पोचत नाही, म्हणजे तिला कमी ऐकू येतं! बिचारी लाजेने बोलली नसेल. क्रीडाशिक्षकांकडून माइक आणि भलामोठा स्पीकर उसना आणला आणि बुधवारी सुरुवात केली, "सर्व माणसं मर्त्य आहेत!" खिडकीच्या काचा थरथरल्या. मुलीने कानांना हात लावले. नीट ऐकायला लावले असतील म्हणून मी आवाज आणखी वाढवला. पाच मिनिटांत खालच्या मजल्यावरचे व्यवस्थापनाचे सर धापा टाकत वर आले.

"अहो सर, थांबवा! माझी एकशेवीस मुलं 'नफा कसा वाढवावा' याच्याखाली 'सर्व माणसं मर्त्य आहेत' लिहून घेतायत!"

स्पीकर गेला. मग गटचर्चा. "हा बाक म्हणजे गट अ, तो म्हणजे गट ब," मी तिला सांगितलं. ती बिचारी इकडून तिकडे पळत दोन्ही बाजू मांडायला लागली.

"काय, गट अ ला गट ब चं म्हणणं पटलं का?"

"अर्धं पटलं, सर," ती घाम पुसत म्हणाली.

राहिला समान वेळ. वर्गात बाक तीस, तास साठ मिनिटांचा, म्हणजे प्रत्येक बाकाला दोन मिनिटं. सुरुवात मागून केली. तिच्या बाकापाशी येईपर्यंत घंटा व्हायची.

असे तीन आठवडे गेले. एक दिवस तास संपल्यावर ती उठलीच नाही.

"सर, तुम्ही माझ्यावर रागावलाय का?"

"छे गं! का?"

"मग बाकांशी का बोलता?"

मी जीभ फार सांभाळत म्हटलं, "अगं, कुणीतरी लिहिलंय की मागच्या बाकांपर्यंत आवाज पोचत नाही."

"पण सर, मागे कोणी नाहीच! मग पोचणार कुणाला? म्हणून त्या कुणीतरी 'नाही' असं लिहिलं असेल."

तर्क निर्दोष होता! इतक्या वर्षांत इतकं चोख उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. त्या दिवशी जिना मी शीळ घालत उतरलो, आणि बाकांशी बोलणं सोडून दिलं.

सत्राअखेर मला पंच्याण्णव टक्के पडले. "विषय वाचला, सर!" प्राचार्यांनी हात मिळवला आणि एक कागद दिला. या वेळी शेवटचं उत्तर वाक्यांत लिहायचं होतं. प्रश्न होता, हा विषय का निवडलात?

"निवडला नाही. मला खाली व्यवस्थापनाला जायचं होतं. पहिल्या दिवशी चुकून एक मजला जास्त चढले. सर एकटेच बसले होते. मला बघून इतक्या आनंदाने उठले, की चुकले म्हणून सांगवेना. नंतर रोजच सांगवेना."

घरी जाऊन मी तो कागद चार वेळा वाचला. रडू आलं, हेही सांगून टाकतो. इतके दिवस मला वाटत होतं, मी तिला शिकवतोय. प्रत्यक्षात ती मला सोबत करत होती.

सोमवारी ऑफिसातून विषय बदलाचा अर्ज आणला, सही केली आणि तिच्यापुढे ठेवला.

"अगं, कुणालातरी खालच्या वर्गात जायचं होतं म्हणे."

ती लालबुंद झाली. "कोण असेल, सर?"

"नाव गुप्त आहे. तुला भेटलं तर एवढं दे."

"पण मग तुमचा विषय बंद होईल ना?"

"कसा होईल? साठ टक्क्यांच्या खाली गेला तर बंद. विद्यार्थीच नसतील तर टक्के काढणार कुणाचे?"

हे तिला लगेच पटलं. माझ्या शिकवण्याबद्दल काय समजायचं ते तुम्ही समजा. "थँक्यू सर!" म्हणाली, अर्ज उचलला आणि दोन-दोन पायऱ्या गाळत खाली पळाली. तास संपायला पन्नास मिनिटं होती. मी बसून राहिलो.

मी केलं ते योग्यच केलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण निदान थोडे आढेवेढे तरी घ्यायचे की हो!