रिमोटचं कपाळ

टीव्हीचा एक, डिशच्या डब्याचा दुसरा आणि साउंडबारचा तिसरा. एका घरात तीन-तीन रिमोट म्हणजे शुद्ध गैरकारभार, असं हणमंतरावांनी ठरवलं आणि दिल्लीच्या करोल बागेतून सगळ्यांना पुरून उरणारा एकच रिमोट आणला. (केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. तीन टेबलांचं काम एका टेबलावर आणण्यात निम्मी नोकरी गेली. टेबलं अजून तीनच आहेत.)

निमित्तही तसंच मोठं होतं. शनिवारी संध्याकाळी सातला बायकोचं, अलकनंदाचं, भजन टीव्हीवर लागणार होतं. आयुष्यात पहिल्यांदा! लेकीसाठी सासूबाई इंदुमतीबाई साताऱ्याहून आल्या होत्या. मजल्यावरच्या सगळ्यांना आमंत्रण गेलं होतं.

दोन दिवस हणमंतराव रिमोटसोबत आलेली कोडांची यादी घेऊन बसले. एकेक आकडा दाबायचा, टीव्ही ढिम्म राहिला की यादीत 'अमान्य' असा शेरा मारायचा. एकशे चौऱ्याहत्तराव्या कोडला टीव्ही चालू झाला आणि त्यांचा ऊर भरून आला. (मुलगी कादंबरी झाली तेव्हाही एवढा आला नव्हता, असं अलकनंदा म्हणते.) संध्याकाळपर्यंत डबा आणि साउंडबारही शरण आले. लगेच वहीत अकरा कलमी सूचना तयार झाल्या. जुने रिमोट कबाडीवाल्याकडे गेले. नवी फाइल उघडली की जुनी बंद!

शनिवारी सासूबाई हळदकुंकवाचं तबक घेऊन आल्या. "नव्या वस्तूला कुंकू लावावं. पण जावईबापू, ह्याचं कपाळ कुठं?"

"ही पुढची काळी काच," हणमंतराव अधिकारवाणीने म्हणाले आणि स्वतःच ओलं कुंकू चांगलं जाडसर लावलं. वर दोन अक्षताही चिकटवल्या.

सातला पाच मिनिटं असताना बैठक भरली. हणमंतरावांनी बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. उभं राहून, वाकून, टीव्हीच्या नाकाशी नेऊन दाबलं. दुकानदाराला फोन लावला.

"सेल बदलो, भाईसाब."

"अरे, सेल तो कल ही डाले हैं!"

सात वाजून गेले. पैठणी नेसून बसलेल्या अलकनंदाचे डोळे भरून आले. "अहो, माझं भजन होऊन जाईल हो!"

हणमंतराव घाईघाईने कलम चार वाचू लागले. तेवढ्यात कादंबरीने रिमोट ओढून घेतला. "बाबा, यार! हे कपाळ नाही, ह्याचा डोळा आहे! सिग्नल इथूनच निघतो!"

सासूबाईंनी पदराने रिमोटचा डोळा पुसला. टीव्ही लागला, साउंडबार गर्जला आणि अलकनंदाचं शेवटचं कडवं घरभर घुमलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. हणमंतरावांनी उठून सर्वांना नम्रपणे हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वहीत कलम बारा लिहिलं : 'रिमोटचं कपाळ पाठीवर असतं. कुंकू तिथेच लावावं.'

दुपारी पाहिलं तर खाली अलकनंदाच्या अक्षरात शेरा होता : 'मंजूर. मात्र संबंधित अधिकाऱ्याने यापुढे रिमोटला हात लावू नये.'