मामा, काका आणि एकच ओंकेल

अश्विनीची मुलाखत होती जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमात नर्सच्या नोकरीसाठी, आणि तीही मोबाईलवर. पाथर्डीजवळच्या तिच्या घरात मात्र हे कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर जे जे होतं, ते सगळं झालं. सतरंजी अंथरली, पोहे झाले, आणि मोबाईलसमोर अश्विनीच्या मागे बन्सीमामा अन् भीमराजकाका टोप्या सावरून बसले. मागच्या लग्नात टोपी-उपरणं आधी कुणाला दिलं, यावरून दोघांचं बोलणं बंद होतं.

अश्विनी दवाखान्यातली ड्युटी सांभाळून वर्षभर जर्मन शिकली होती. आज चुकलं तर बिचारीचं सगळं पाण्यात जाणार होतं.

मोबाईलवर पांढऱ्या केसांच्या एक बाई आल्या. मागे कोण बसलंय, असं त्यांनी जर्मनमध्ये विचारलं. अश्विनीने मामांकडे हात केला, "ओंकेल." मामा फुलले. मग काकांकडे हात केला, "ओंकेल."

मामांचा चेहरा उतरला. "मला बी त्येच आन् ह्यांला बी त्येच?"

त्यांच्याकडे दोघांना एकच शब्द आहे, असं अश्विनीने दबक्या आवाजात समजावलं.

"मंग लग्नात पोरीच्या मागं कोन हुभं ऱ्हातं, मामा का काका?" मामांनी विचारलं.

काकांनी मामांकडे न बघता थेट मोबाईललाच सांगितलं, "बाई, पोरगी आमच्या घरान्याची हाय."

एवढ्यात मामी आणि चुलती दोघींनाही जर्मनमध्ये 'टान्टे'च म्हणतात, हे अश्विनीच्या तोंडून निघालं, ते आतल्या खोलीत त्या दोघींनी ऐकलं आणि तिथेही भांडी आपटू लागली. मामा तर पिशवी घेऊन उठलेच. अश्विनी मुलाखत विसरली. तिने एका हाताने मामांना पोह्यांची बशी दिली, दुसऱ्या हाताने त्याच क्षणी काकांना चहा दिला. पहिला मान कुणाचा झाला, हे दोघांनाही ठरवता येईना. मामा पिशवी ठेवून पुन्हा खाली बसले.

मग रडवेल्या अश्विनीने मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सगळा प्रकार बाईंना सांगितला. बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. आमच्याकडे रोज जेवताना आधी कुणाला वाढलं यावरून म्हातारे रुसतात, तुझ्यासारखीच हवी होती, पुढच्या महिन्यात ये, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. अश्विनीने नाचतच हे घरभर सांगितलं.

मामांनी रिकामी बशी खाली ठेवली. मग कितीतरी दिवसांनी काकांकडे वळून म्हणाले, "पाव्हनं, त्या लोकांला मानपानातलं काय बी कळंना. आपल्या दोघांलाच जावं लागंल."

"व्हय," काका म्हणाले. "पर इमानात खिडकीपाशी मी बसनार."