कठड्याखालचा जोसेफ

बाबांचं घर महिन्याभरात विकून दाखवते, असं मी बर्नाडीन आत्याला छातीठोकपणे सांगितलं होतं. बाबा हिवाळ्यात गेले. एप्रिलमध्ये मी पाटी लावली आणि बफेलोतल्या त्या जुन्या गल्लीत लगेच दोन गिऱ्हाइकं आली.

एक रोख पैसे देऊन घर पाडणार होतं. दुसरं म्हणजे डॅरिल आणि मोनीक. त्यांच्या हाती थोडके पैसे, म्हणून सरकारी हमीचं कर्ज. त्यात आधी तपासनीस येऊन घर बघतो. कुठे रंगाचा पोपडा दिसला, कठडा हलला, की कर्ज अडलं. पण मोनीक बाबांच्या टोमॅटोच्या वाफ्याशी उकिडवी बसली आणि इथे ऊन कुठवर येतं, असं विचारती झाली. माझं तिथेच ठरलं.

मी खिडक्या खरवडून रंगवल्या. पायऱ्यांच्या कठड्याला चक्क लोंबकळून पाहिलं.

आत्याचा माझ्या रंगावर विश्वास नव्हता. तिच्या मते घर विकायचं तर संत जोसेफची मूर्ती अंगणात डोकं खाली करून पुरायची. बिचारा उलटा राहून वैतागतो आणि घर विकून देतो. तपासणीच्या आदल्या दिवशी ती गुपचूप मूर्ती पुरून गेली. दगडासारख्या अंगणात तिच्या खुरप्याला मऊ जागा एकच सापडली, कठड्याच्या खांबाशी.

तपासनीस हॉलिस साहेबांनी सगळं घर पाहिलं, कशालाच नावं ठेवली नाहीत. जाताना त्यांनी कठड्यावर हात टेकला. कठडा त्यांच्याबरोबर निघाला आणि दोघं बाबांच्या गुलाबांत पोचले.

"कठडा सैल आहे," साहेब झुडपातूनच म्हणाले आणि तिथेच लिहूनही घेतलं. दुरुस्तीला शुक्रवारपर्यंत मुदत मिळाली.

आत्याने सगळं कबूल केलं. आम्ही खणायला बसलो. तिची मूर्ती निघाली. तिच्याखाली, बरीच खोल, आणखी एक निघाली. रंग उडालेली, पायांवर ताठ उभी.

आत्या बघतच राहिली. "हा मीच पुरला होता. तुझी आई गेली तेव्हा. तुझा बाप कॅझिमिर एकटा एवढ्या घरात काय करणार, म्हणून घर विकायला लावलं होतं. मूर्तीचं त्याला नव्हतं सांगितलं."

"सरळ पुरलास?"

"वेडी का मी? डोकं खालीच होतं."

म्हणजे बाबांनी तो शोधला होता, पायांवर उभा केला होता आणि वर नीट माती लोटली होती. आणि त्यानंतर वर्षभर ते आत्याला सांगत होते, "बाजारच मंदा आहे गं, बर्नाडीन."

"लबाड," आत्या म्हणाली आणि हसता हसता नाक पुसत बसली.

खांब मी सिमेंटमध्ये बसवला. बाबांचा जोसेफही त्यातच, सरळ. असं केलंस तर घर विकलंच जाणार नाही, असं आत्याने बजावलं. शुक्रवारी हॉलिस साहेबांनी कठडा लांबूनच पायाने ढकलून पाहिला. तो हलला नाही. कर्ज मंजूर झालं.

किल्ल्या देताना मोनीकला मी वाफ्याचं सगळं समजावलं. एवढंच सांगायचं राहिलं, की हे घर पुन्हा विकायचं झालं, तर आधी कठडा फोडावा लागेल.