अंबाडीचा पाय

आमचे शेजारी किशनराव कुणाच्याही घरी गेले की आधी तिथली दोरी चावून बघत. विहिरीची, गायीची, वाळवणाची; कुठलीही चाले. माझ्या मुलाच्या बारशाला त्यांनी पाळण्याची दोरी चावली, तीही बाळ पाळण्यात असताना. वर भरल्या घरात निकाल दिला, "चिकटा तसाच हाय. चिकटा गेल्याबिगर पकड न्हाई!" बायकांनी घाईघाईने बाळाला उचलून घेतलं.

हे पूर्णेचे निवृत्त रेल्वे फिटर. हैदराबाद संस्थान विलीन झालं, त्याची चर्चा सगळं गाव करत होतं, तेव्हा हे गृहस्थ अंबाडीचा वाख, दोर वळायचे ते धागे, सोड्यात उकळत बसले होते.

कारण होता गफार, त्यांचा एकुलता एक मित्र. किशनरावांना बायको नाही, मूल नाही. रोज संध्याकाळी गफार ओट्यावर येई, दोघे सोंगट्या खेळत आणि भांडत. मग जखम चिघळून गफारचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. लाकडी पाय मिळाला तो जड. गफारने तो कोपऱ्यात टाकला आणि घराबाहेर पडणंच सोडलं. किशनराव भेटायला गेले की तो भिंतीकडे तोंड करून निजे. तेव्हा किशनरावांनी हलका पाय करायचं मनावर घेतलं. वाख उकळून त्याचा लाख धरू न देणारा चिकटा काढायचा, धुऊन वाळवायचा, मग साच्यावर थरावर थर देऊन त्याला वितळलेली लाख पाजायची.

हेतू थोर, पण उकळायला आमचाच बंब! एका सकाळी अंगावर तांब्या ओतला तर पिवळं, कुजकट पाणी. मी ओरडलो तर म्हणाले, "मास्तर, अंग कसं निघालंय बघा! तुमचाबी चिकटा गेला." माझ्या पत्नीचा धुण्याचा सोडा संपला, माझा संयम संपला, पण पाय काही होईना. एक चिरला, एक ठिसूळ निघाला. मेव्हणीच्या स्थळाबद्दल मत विचारलं तर, "पोराचा चिकटा काढा आधी." मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

अखेर एक पाय जमला. गफार तो बांधून सकाळी चालत आला. अख्खी आळी बघायला लोटली. दुपारी तो घरी निघाला आणि उन्हात लाख मऊ होऊन पाय काकडीसारखा वाकला! दोघांनी धरून त्याला ओट्यावर आणलं, पाय सरळ करून सावलीत ठेवला. तेव्हापासून गफार रोज सकाळी येई आणि ऊन उतरून पाय कडक होईपर्यंत तिथंच अडकून पडे.

मला राहवेना. "किशनराव, माणसाला दिवसभर अडकवता? ती लाख पक्की करा की!"

त्यांनी मला आत नेलं. फळीवर दुसरा पाय होता. लाख खूप वेळ भाजून पक्की केलेली. पेटल्या चुलीजवळ धरला तरी ढिम्म. मी कपाळावर हात मारला.

"मग देत का नाही?"

"देतो की." ते त्या पायावरून हात फिरवत राहिले. "पण मास्तर, मग त्यो दुपारच्यालाच घरी जाईल."

मला राग आला आणि कीवही आली. मी बाहेर आलो. ऊन केव्हाच उतरलं होतं. गफारच्या पायावर मी सहज टिचकी मारली; पाय खणखणीत कडक झाला होता.

"किश्न्या," माझ्याकडे न बघता गफारने आत हाक मारली, "पाय आजून नरमच हाय रे. मांड डाव."