माशांचा सिग्नल

डहाणू रोडच्या बाजारात बांगड्या-टिकल्यांचं एक दुकान आहे. तिथे येणाऱ्या बायका नेलपॉलिशचा रंग बोटावर लावून बघतात. आमचे शेजारी हरेश्वरकाका तो गळावर लावून बघतात. गळ म्हणजे मासे धरायचा आकडा. खिशातून आकडा काढायचा, त्यावर ब्रश फिरवायचा, फुंकर मारून वाळवायचा आणि दुकानदाराकडे पाण्याचा ग्लास मागायचा. मग ग्लासात गळ सोडून, मान वाकडी करून, मासा जिथून बघेल तिथून, म्हणजे खालून, ते तो न्याहाळतात. पहिल्यांदा गुजराती दुकानदाराने, काकींसाठी नेताय का अशा कौतुकाने विचारलं होतं, "काकी माटे छे?" काका म्हणाले, "ना भाई, माछली माटे." आता ते दिसले की तो न मागता ग्लास पुढे करतो.

काकांची सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं खातं विसरतात, काकांनी ते माशांना लागू केलं. त्यांचं म्हणणं असं, की लाल दिसला की थांबायचं ही सृष्टीची रीतच आहे. गळ लाल असला की मासा थांबतो, थांबला की त्याला आमिषाचा वास येतो, वास आला की तो तोंड उघडतो. पिवळ्या गळाशी तो वेग कमी करतो खरा, पण विचार करून निघून जातो. हिरवा गळ तर चुकूनही लावू नये, मासा सुसाट पुढच्या स्टेशनला. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे हे ऐकून गप्प बसणं मला जमत नाही. मी एकदा विचारलं, काका, तुम्ही एवढा रंग देता आणि मग गळ अख्खाच्या अख्खा कणकेच्या गोळीत खुपसता, मग माशाला रंग दिसतो कुठून?

काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "बाई, माणसाचं सोडा, माशाचं बोला," ते म्हणाले.

हे त्यांचं पालुपद. इमारतीच्या टाकीत पाणी येत नसो, निवडणूक असो की त्यांचं स्वतःचं ब्लडप्रेशर, अडचणीचा प्रश्न आला की काका हे वाक्य टाकून मोकळे होतात. डॉक्टरांनाही त्यांनी हेच ऐकवलं होतं. डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली.

यातली खरी गंमत अशी, की काका जन्मले ते किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरात. वडील तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, आणि त्यांच्यामागे थोरला भाऊ तांडेल. धाकट्या हरेश्वराला पहिल्यांदा बोटीवर नेलं तेव्हा त्याने बंदर दिसेनासं व्हायच्या आत पोटातलं सगळं दर्याला वाहिलं. दुसऱ्यांदाही तेच, तिसऱ्यांदाही तेच. शेवटी घरच्यांनी नाद सोडला आणि तो रेल्वेत लागला. तेव्हापासून घरी त्याला कोणी हरेश्वर म्हणत नाही, 'रेल्वे' म्हणतात. लग्नकार्यात सुद्धा "रेल्वेला वाढा" असा पुकारा होतो. त्यातून या माणसाने म्हातारपणी काठी घेऊन गोड्या पाण्यात गळ टाकायला घेतले. ज्या घरात गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलाचा गोळा म्हणतात, त्या घराला ही नाचक्की कशी सोसावी?

सगळ्यात जास्त हसले ते थोरले भाऊ. त्यांना अख्खा बाजार दादा तांडेल म्हणतो. पण ते हसले ही गोष्ट साधी नव्हती, हे मला वहिनींनी सांगितलं. वहिनी म्हणजे दादांची बायको, बाजारात मासे विकायला बसतात. मुलं बोईसरला कारखान्यात लागली, बोटीवर जायला माणूस मिळेना, म्हणून दादांनी बोट विकली. त्या दिवसापासून ते खुर्ची दर्याकडे पाठ करून टाकतात आणि भिंतीकडे बघत बसतात. कोणी आलं तर हूं करतात, गेलं तरी हूं करतात. बोंबील साफ करता करता वहिनी म्हणाल्या की, बोट विकल्यावर हे पहिल्यांदा हसले ते रेल्वेच्या लाल गळाला.

काकांनी ते हसू ऐकलं आणि तिथल्या तिथे आव्हान दिलं. दर्यात कोणीही मासे धरतो, तिथे ते जागेवर मावत नाहीत म्हणून जाळ्यात येतात. तळ्यात एक धरून दाखव, मग तुला तांडेल म्हणू. दादा उठून उभे राहिले. वहिनींना वाटलं मारतात आता. पण त्यांनी फक्त चप्पल शोधली.

तेव्हापासून दर रविवारी दोघे भाऊ रिक्षाने कैनाडला जातात. तिथे जानूभाऊंच्या वाडीत शेततळं आहे आणि जानूभाऊंनी त्यात रोहू सोडलेत. काकांनी तलासरीच्या बाजारातून बांबूच्या दोन काठ्या आणल्या, एक स्वतःला, एक दादांना. पंच म्हणून मला नेतात, कारण मी शास्त्राची. तळ्यातल्या वीतभर तिलापियांना दोघेही मासा मानत नाहीत. बोटांपासून कोपरापर्यंत भरेल एवढा मासा ज्याच्या गळाला आधी लागेल तो जिंकला, आणि हरणाऱ्याने बाजारात वहिनींच्या टोपलीसमोर उभं राहून हार कबूल करायची, असं ठरलं. काकांच्या दृष्टीने हा आयुष्याचा निकाल होता. एकदा जिंकलो की कोणी रेल्वे म्हणणार नाही, असं ते मला येता-जाता सांगायचे.

दादा गळाला रंग लावत नाहीत. त्यांचा भरवसा भरती-ओहोटीवर. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाण्याला जोर, तेव्हा मासा चरायला निघणार. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाणी मंद, तेव्हा मासा झोपणार. शेततळ्यात, हो. चारी बाजूंनी बांध, तळाला प्लास्टिक, आणि दादा कॅलेंडर बघून सांगणार की आता ओहोटी लागली. जानूभाऊ पहिल्यांदा घाबरून तळं बघायला धावले होते, कुठून गळतंय म्हणून. पाणी इथंच आहे दादा, असं त्यांनी परोपरीने सांगितलं, पण दादांनी त्यांना शेतकरी म्हणून माफ केलं.

तर उधाणाच्या रविवारी दादा मासा लागणार हे दाखवायला येत आणि भांगाच्या रविवारी लागणार नाही हे दाखवायला येत. काठावर बसून दोघे दुपारपर्यंत भांडत. लाल की तिथी, सिग्नल की दर्या. घरात हूं करणारा माणूस इथे लहानपणच्या वादळांपासून काकांच्या ओकाऱ्यांपर्यंत सगळं काढायचा. हसून हसून माझं पोट दुखायचं, आणि दोघांपैकी एकाच्याही मताला काडीचा आधार नाही हे सांगायला पंचाला कोणी संधी देत नसे.

मग तो अष्टमीचा रविवार आला. दादा जानूभाऊंच्या घरी चहाला गेले होते. काकांची काठी एकदम वाकली. काका उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले, आणि झटापट करून त्यांनी एक रोहू काठावर आणला. कोपर सोडा, मासा जवळजवळ खांद्यापर्यंत पुरला असता. तोंडात लालभडक गळ. मी आनंदाने फोन काढला.

"फोन आत ठेवा," काका म्हणाले.

त्यांनी गळ हलकेच सोडवला, माशाला दोन्ही हातांनी उचललं, पाण्यात धरलं आणि सोडून दिलं. मला संतापच आला. इतके रविवार मी कशासाठी उन्हात बसले होते? मी तसं म्हटलंही.

"बाई, हा मासा दाखवला की वाद मिटला," काका म्हणाले. "मग पुढच्या रविवारी दादाला काय सांगून घराबाहेर काढू?"

मी फोन पर्समध्ये ठेवला. काकांनी कणकेची नवी गोळी लावली, गळ टाकला आणि सकाळपासून काहीच न मिळालेल्या माणसाचा चेहरा करून बसले.

दादा आले. आपल्या जागी टेकले. पाण्याकडे बघितलं, मग काकांकडे. काकांच्या मनगटावर, घड्याळाच्या पट्ट्याला, रोहूचा एक मोठा खवला चिकटून चमकत होता. काकांना त्याचा पत्ता नव्हता. मला तो दिसला आणि दादांनाही दिसला. जन्मभर मासळी हाताळलेल्या माणसाला खवला कुठला, कधीचा, हे काय सांगावं लागतं? आता संपलं, असं मला वाटलं.

दादांनी हात पुढे केला. भावाच्या सदऱ्यावरचा दोरा काढावा तसा तो खवला दोन बोटांनी काढला आणि मागे गवतात टाकून दिला. काका पाण्याकडेच बघत होते.

"आज काय लागायचं नाय, भांग हाय," दादा म्हणाले. "पुढल्या रविवारी उधाण हाय. लवकर निघू."