डोमाजीकाकांची चिमूट

सुमनसाठी मुलगा बघायला गेले, की डोमाजीकाका मुलाकडे ढुंकूनही बघत नसत. पोहे येईपर्यंत ते मागच्या दाराने पसार होत आणि मुलाच्या वावरात उकिडवे बसून माती चोळत.

बालाघाटला आमच्या दोन घरांत भिंत एकच. काकू वारलेल्या, सुमन ही एकुलती एक लेक, त्यामुळे मध्यस्थ म्हणून काका दर वेळी मलाच ओढून नेत. मुलाचे वडील घराण्याचा मोठेपणा सांगत असायचे आणि काका त्यांच्यासमोरच वावरातून आणलेलं ढेकूळ चिमटीत चुरायचे. मग त्याला थुंकी लावून वळी करायचे. वळी मोडली की स्थळ मोडलं. नाही मोडली तरी दुसरं काहीतरी निघायचंच.

"भाऊ, आदमी कपडे घालून येते, माती नागडी असते. बोटाले इचार!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

राजेगावच्या स्थळाची काळी चिकण माती बघून आम्हाला आशा वाटली होती. काका म्हणाले, "बोट सोडून नाही राह्यली. अशा घरची सासू सुनेले सोडन काय?" नदीकाठच्या स्थळाची माती रेताड निघाली. "मुठीत थांबत नाही. पोरगा घरात काय थांबन?" खाणीकडच्या एका घरी तर अंगणातला मँगनीजचा काळा दगड उचलून तो त्यांनी मुलाच्या वडिलांच्याच हातात ठेवला. "केवढुसा हाये आन् केवढा जड! घमेंडी खानदान." चहाही न घेता आम्ही परत आलो.

इकडे सुमनच्या मैत्रिणींची मुलं शाळेत जाऊ लागली होती. अशात परसवाड्याच्या एका मास्तरांचं स्थळ आलं. सुमनने त्यांना एका लग्नात पाहिलं होतं आणि ते तिला मनापासून आवडले होते. हे कळल्यापासून काकांचे गुडघे दुखू लागले.

"तू जाय, भाऊ. माती घेऊन ये."

"काका, मास्तर हाये तो. त्याले वावर कुठी?"

"आंगन तं असन?"

मी निघालो तर सुमनने कुंपणापाशी गाठलं आणि हातात एक पुडी कोंबली. "भाऊ, परसवाड्याची म्हणून हेच दाखवा. आमच्या तुळशीतली हाये. मायनं सोता चाळून टाकली होती. याले तं बाबा नावं नाही ठेवणार!"

पोरगी बापाच्या वरताण होती. परसवाड्याहून परतल्यावर संध्याकाळी मी अतिशय गंभीर चेहऱ्याने पुडी सोडली. काकांनी डोळे मिटून माती चोळली. वळी केली. वळी बोटभर लांब झाली तरी मोडेना. दाराआड सुमन तोंडाला पदर लावून उभी होती.

"बेकार," काका म्हणाले. "खडे हायेत. नाही जमत."

सुमन तरातरा बाहेर आली. "बाबा, आपल्या तुळशीची माती हाये हे!"

आता काकांची फजिती बघायला मी सरसावून बसलो. पण ते वळी बोटांवर फिरवत राहिले.

"हौ, मालूम हाये. तुह्या मायच्या हातची माती मले वळखू येनार नाही काय?"

"मंग बेकार काहून म्हनलं?"

काकांनी मान वर केली नाही. "तू गेल्यावर मी या घरात कोनासंग बोलू वं?"

सुमन त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. मग काकांनीच वळी पुन्हा पुडीत बांधली आणि म्हणाले, "मास्तरले बोलाव, भाऊ. त्याची माती नाही पाहत."

लग्न झालं. दिवाळीला परसवाड्याच्या बसमधून सुमन माहेरी आली. तिने ओसरीवर चपला काढल्या, तोच काकांनी त्यातली एक उचलली, टाचेची माती नखाने खरवडली आणि चोळली. थोडी माझ्या तळहातावरही ठेवली. नुसता मुरूम होता. बोटाला टोचत होता.

"कशी हाये, बाबा?" सुमनने भीत भीत विचारलं.

"लोनी हाये, लोनी," काका म्हणाले आणि मूठ मिटून तुळशीकडे गेले.